तेराव्याच्या आत पाणी

अण्णा, म्हणजे माझे वडील, वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी धाराशिवच्या घरी वारले. त्याच दिवशी संध्याकाळी घरातले सगळे नळ कोरडे पडले.

आदल्या दिवशी नगरपालिकेचं पाणी आलं होतं. अण्णांनी अंगणातला हौद भरला, गच्चीवरच्या दोन्ही टाक्या भरल्या, जेवले आणि झोपले. सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदयविकार असं लिहून दिलं. उन्हाळ्यात आमच्या भागात नळाची पाळी पंधरवड्याच्या पुढं जाते. त्या हिशेबानं घरात पाणी भरपूर होतं.

घर गावाच्या कडेच्या वसाहतीत आहे. बांधलं तेव्हा एक नळ होता आणि एक टाकी होती. पुढं नळाचा भरवसा राहिला नाही म्हणून अण्णांनी बोअर घेतलं. बोअरचं पाणी जड लागलं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून गच्चीवर दुसरी टाकी आली: एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या पाण्याची. दुष्काळाच्या साली टँकर यायला लागले, तेव्हा त्याचीही वेगळी जोडणी झाली. प्रत्येक वेळी प्लंबरनं नवा पाइप टाकला आणि जुना तसाच राहिला. जुना पाइप काढायचा नाही, कधी लागेल सांगता येत नाही, असं अण्णांचं मत होतं. शेवटी बाहेरच्या जिन्याखाली कॉकची एक रांग झाली. काही कॉक गच्चीवर होते, एक न्हाणीघराच्या मागं होता. कुठल्यावरही खूण नव्हती. ते सगळं अण्णा एकटे चालवत. आई स्वयंपाकघरातून "पाणी गेलं" एवढंच म्हणायची. थोड्या वेळानं पाणी यायचं.

भाऊ पुण्याहून पोचल्यावर दुपारी अण्णांना नेलं. पुरुष स्मशानात गेले आणि घरात बायका उरल्या. आत्या, अण्णांची थोरली बहीण, उमरग्याकडच्या गावातून आली होती. तिनं पदर खोचला.

"हंडे, घागरी, माठ, फिल्टर. मयताच्या घरातलं भरलेलं पाणी ठिवायचं न्हाय. उलथं करा समदं."

भांडी उलथी झाली. वहिनीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, विचारलं, "आत्या, हौद पण?"

आत्यानं विचार केला. "हौद जमिनीत हाय. जमिनीतल्या पाण्याला सुतक न्हाय. हिरीचं पाणी कुणी उपसून टाकतंय का?"

"आणि वरच्या टाक्या?"

"त्या घराच्या डोक्यावर हायेत. सोडा."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, उन्हाळा हाय. परत नळ कधी येतोय काय माहीत."

"तुमच्या घरात मयत झाली न्हाय म्हणून बोलायलाव," आत्या म्हणाली.

आई भिंतीला टेकून बसली होती. वहिनी गच्चीवर गेली. टाकी रिकामी करायचा कॉक कोणता हे तिला माहीत नव्हतं, म्हणून दिसले तेवढे सगळे तिनं फिरवले. तरी पाणी सुटेना, मग खाली येऊन जिन्याखालचेही फिरवले. त्यातल्या कुठल्याशा कॉकनं पाणी सुटलं. ते अंगणातून रस्त्यावर गेलं. भेटायला येणारे लोक चपला हातात घेऊन आत आले.

संध्याकाळी पुरुष परतले. आंघोळ केल्याशिवाय त्यांना घरात येता येत नव्हतं आणि नळाला थेंब नव्हता. भावानं बोअरची मोटार लावली. मोटारीचा आवाज येत होता, वर पाणी चढत नव्हतं. बऱ्याच वेळानं शेजारचे काका फाटकातून म्हणाले, "अरे, तुमचा हौद वाहायलाय."

बोअरचं पाणी गच्चीवर न जाता हौदात उतरत होतं. नळाचं साठवलेलं गोडं पाणी त्यात मिसळून खारं झालं. पुरुषांनी अंगणातच, वाहणाऱ्या हौदातून बादल्या बुडवून आंघोळी केल्या. प्यायला जार मागवले. स्वयंपाकाचं पाणी शेजारून येत राहिलं.

लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं सुतक तीन दिवस असतं. माझं तिसऱ्या दिवशी फिटलं. भावानं अग्नी दिला होता, त्यामुळं त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं. बाहेरची कामं माझ्याकडं आली. मी सोलापूरला एका वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम करते. रजा वाढवून घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी भावानं विषय काढला. पुढच्या खोलीत आई, आत्या, वहिनी आणि मी होतो.

"आई, तेरावा झाला की तू आमच्यासोबत पुण्याला चल. घराला कुलूप लावू."

"कुलूप कशाला? मी हाय की."

"एकटी? आणि पाणी कोण सोडणार? जिन्याखालचा एक तरी कॉक कशाचा हाय ते माहीत हाय का तुला?"

"तुला हाय का?"

"मला नाही. म्हणून तर म्हणतोय."

"मग बायकोला विचार. तिनं एक ठेवला न्हाय फिरवायचा."

वहिनीला हसू आलं. तिनं तोंडाला पदर लावला. आत्यानं दोघींकडं बघितलं.

भाऊ म्हणाला, "चेष्टा नको. चौदाव्या दिवशी सकाळी मला निघावंच लागेल. तोवर घरात पाणी सुरू झालं आणि तुला ते स्वतः चालवता आलं, तर तू इथं राहा. मी परत विषय काढणार नाही. नाहीतर गाडीत बस."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. पाइपांच्या दुकानाच्या पायरीवर प्लंबर बसलेले असतात. त्यात अण्णांकडं शेवटची काही वर्षं येणारे मिस्त्री होते. जुन्या गावात राहणारे, पन्नाशीचे, खिशात टेपची रिळं. बातमी त्यांना कळली होती. घरी आल्यावर ते आधी आईला भेटले. मग जिन्याखाली वाकून मोबाइलचा उजेड पाडला.

"हे कोन बसवलं? बघा की जरा. सगळा भार ह्या वळणावरच्या एल्बोवर आलाय. हात तोडायला पायजे त्याचा."

आई दारातून म्हणाली, "तुमीच बसवलंय मिस्त्री. मागच्या उन्हाळ्यात."

त्यांनी पुन्हा उजेड पाडला. "मंग पक्कं बसवलंय," ते म्हणाले.

दोन दिवस ते येत राहिले. पद्धत अशी होती: सगळे कॉक बंद करायचे, एक उघडायचा, मोटार लावायची, पाणी कुठं निघतं ते बघायचं. मी गच्चीवर उभी राहून खाली ओरडून सांगायचे आणि एका कागदावर रेघा मारायचे. पण काही कॉक फिरत होते आणि आतून बंदच होते. काही जागचे हलत नव्हते. एक पाना लावल्यावर तुटून हातात आला. मिस्त्रींनी तो आईला दाखवला. तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. मधे पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं.

"ह्यो बोअरचा क्षार हाय काकू. घरोघरी हेच. लोक कॉक एकदा सोडत्यात आन् विसरत्यात. महिन्यातून एकदा तरी बंद करून उघडायचा, काम असो नसो. आन् जोर न्हाय लावायचा. पाना लावला की कॉक गेलाच समजा. टाकी दोनदा धुवायची, उन्हाळ्याच्या आधी एकदा आन् पावसानंतर एकदा. खाली गाळ बसला की तोच पायपात उतरतोय."

"ह्यांनी धुतली होती की," आई म्हणाली.

"साहेब धुवायचे. साहेबांचं काम पक्कं व्हतं. पर नकाशा त्यांच्या डोक्यात व्हता. मला म्हनायचे, इथं जोड, तिथं जोड. कशाला, ते मी इचारलं न्हाय, त्यांनी सांगितलं न्हाय. माझ्या आधी दोघं येऊन गेलेत, त्यांचं बी हाय त्यात."

त्या दोघांपैकी एक वारला होता. दुसरा हैदराबादला मुलाकडं होता. त्याला मी फोन लावला. त्याला घर आठवलं, पाइप आठवले नाहीत.

दहाव्याच्या दिवशी मिस्त्रीही आले होते. घाटावरून आल्यावर भावानं माझा कागद मागितला. त्यावर ज्या रेघा नक्की कळल्या होत्या त्या शाईनं मारलेल्या होत्या, बाकीच्या पेन्सिलीनं. पेन्सिलीच्या जास्त होत्या. त्यानं तो बराच वेळ बघितला आणि आईपुढं ठेवला.

आईनं कागद घेतला नाही. तिनं मिस्त्रींना विचारलं, "हे सगळं काढून टाकलं तर?"

"काढून? सगळं?"

"एक टाकी. एक कॉक. हौदातली मोटार आणि तिचं बटण स्वयंपाकघरात. वरून सगळ्या नळांना एकच पाणी. बोअरचा एक नळ अंगणात राहू द्या, धुण्याभांड्याला."

"व्हतंय की," मिस्त्री म्हणाले. "पर गोडं पाणी मंग न्हाणीला बी जाईल. जास्त लागेल."

"एकटीला किती लागतंय."

भाऊ म्हणाला, "आई, अण्णांनी एवढी वर्षं बसून केलेलं काम हाय ते."

"मग अण्णांना सांग चालवायला," आई म्हणाली.

वहिनी चहा टाकायला आत गेली आणि जारमधलं पाणी ओतल्याचा आवाज आला.

अडचण आत्याची निघाली. "दिवस झाल्याबिगर घरात हातोडा चालायचा न्हाय. भित्ती फोडायच्या न्हाईत. चौदाव्यानंतर काय करायचं ते करा."

चौदाव्याला सकाळी भाऊ निघणार होता.

आई आत्यासमोर जाऊन बसली. लग्नानंतर तिनं आत्याला उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही तिचा आवाज चढला नाही.

"वन्सं, हौदाला सुतक न्हाय म्हणालात तुम्ही."

"जमिनीत हाय म्हणून म्हणलं."

"पाइप बाहेरच्या भिंतीवर हायेत. घराच्या आत एक बी न्हाय. नळाची तोंडं तेवढी आत हायेत, ती हायेत तिथंच राहतील."

आत्यानं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी मान हलवली. "आतून एक ठोका पडनार न्हाय. बाहेरून कापतो, बाहेरून जोडतो. बटनाची वायर खिडकीच्या गजातून आत घेऊ."

आत्या थोडा वेळ हिशेब करत बसली. "गच्चीवर जायचं तर भाईरल्या जिन्यानं जावा," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत अवजार आणू नका."

मिस्त्रींनी अवजाराची पिशवी तीन दिवस फाटकाजवळ ठेवली. पाणी प्यायलाही त्यांना बाहेर दिलं तर ते म्हणाले, "माझ्यावर बी सुतक आलं का काय?" आत्या हसली आणि त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला.

आधी त्यांनी हौद उपसला. खारं पाणी अंगणातल्या झाडांना आणि शेजाऱ्यांना गेलं. मग हौद घासून घेतला, तळाचा गाळ घमेल्यानं बाहेर काढला. गच्चीवरची एक टाकी उतरवली, दुसरी आत शिरून धुतली. जुने पाइप कापून फाटकाबाहेर रचले. भिंतीवर पाइप होते तिथं रंगाच्या पांढऱ्या रेघा राहिल्या. ऊन उतरल्यावरही त्या दिसत होत्या. जिन्याखालचे कॉक काढल्यावर तिथं अण्णांची एक चप्पल आणि बॅटरी सापडली. बटण दाबलं तर बॅटरी अजून लागत होती. आईनं ती सेल काढून खिडकीत ठेवली.

तेराव्याला जेवणासाठी टँकर मागवावा लागला. तो घासलेल्या हौदात रिकामा केला. लोक जेवून गेल्यावर, संध्याकाळी, मिस्त्रींनी गच्चीवर शेवटचा जोड चिकटवला आणि खाली आले.

"झालं. सोल्युशन वाळू द्या. उद्या दुपारी पाणी सोडा."

"दुपारी नाही," भाऊ म्हणाला. "मी सकाळी निघणार. आत्ता बघू."

"आत्ता सोडलं तर जोड निघंल."

"पाच मिनिटं. नुसतं चढतंय का बघू."

"दादा, मी सांगितलं."

भावानं बटण दाबलं. मोटार सुरू झाली, पाणी चढलं, आणि टाकीजवळचा एल्बो सुटला. पाणी भिंतीवरून खाली मांडवाच्या कापडावर आणि आचाऱ्याच्या धुऊन ठेवलेल्या पातेल्यांवर आलं. आचारी शिव्या देत पातेली उचलायला धावला. आईनं खिडकीतून हात घालून बटण बंद केलं.

मिस्त्री पिशवी उचलून निघाले. फाटकातून मागं वळून म्हणाले, "सकाळी येतो."

भाऊ ओला झाला होता. तो म्हणाला, "म्हणजे नाही झालं."

आई म्हणाली, "व्हय. न्हाय झालं."

वहिनीनं आईची पिशवी भरली: साड्या, गोळ्या, चष्मा, देवाचा टाक. ती गाडीच्या डिकीत ठेवली. आई बघत होती. तिनं त्यातून गोळ्या तेवढ्या परत काढून घेतल्या, रात्री घ्यायच्या होत्या म्हणून.

सकाळी मिस्त्री लवकर आले. एल्बो कापून नवा बसवला, जिन्याखालचा कॉक बंद केला. खाली उतरून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दुपार व्हईपर्यंत कुनी हात लावायचा न्हाय. काकूंनी न्हाय. दादांनी तर न्हायच."

भाऊ गाडीची किल्ली घेऊन ओट्यावर बसला. वहिनी आणि त्यांची मुलं तयार होती. आत्या उमरग्याच्या एस.टी.ला जायची होती, तीही थांबली. आईनं भात लावला. भाऊ उठून दोनदा गाडीपर्यंत गेला आणि परत येऊन बसला. निघू या असं तो म्हणाला नाही.

जेवणं झाल्यावर आईनं मिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी गच्चीवर जाऊन जोडाला बोट लावून बघितलं आणि वरून मान हलवली.

"तुझं तू कर," भाऊ म्हणाला. "आम्ही कोणी सांगणार नाही."

आई जिन्याखाली गेली. तिथं आता एकच कॉक होता, लाल दांडीचा. "आधी हा," ती स्वतःशी म्हणाली आणि दांडी पाइपाच्या रेघेत आणून कॉक उघडला. मग स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबलं. मोटार चालू राहिली. गच्चीवरून मिस्त्रींचा आवाज आला, "चढायलंय."

टाकी अर्धी भरायला वेळ लागला. तोवर कोणी जागचं हललं नाही. आईनं बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरातला नळ सोडला. आधी हवा आली. नळ खोकल्यासारखा वाजला. मग तांबूस पाणी आलं, त्यात पांढरे कण होते. आईनं ते बादलीत धरलं. नंतर साधं पाणी आलं. तिनं न्हाणीघरातला नळ सोडून बघितला, मागच्या दारचा बघितला, आणि तिन्ही बंद केले.

"बारीक कण चार दिवस येतील," मिस्त्री म्हणाले. "नळाची जाळी काढून धुवा, आपोआप जातील."

भावानं स्वयंपाकघरात येऊन नळाखाली हात धुतले. हात पुसून तो बाहेर गेला. डिकीतली पिशवी आणून त्यानं आईच्या खाटेवर ठेवली.

"गोळ्या संपत आल्यात," तो म्हणाला. "मी तिकडून पाठवतो."

"इथं मिळत्यात," आई म्हणाली.

तीनच्या सुमारास गाडी निघाली. भावानं आत्याला एस.टी. स्टँडवर सोडलं. मी आणखी एक दिवस राहून सोलापूरला परतले.

नळ त्यानंतरच्या शनिवारी आला. आईनं एकटीनं हौद भरला आणि टाकी भरली. संध्याकाळी फोनवर मी पाण्याचं विचारलं तेव्हा तिनं, मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणं, कॉक आठवणीनं बंद केल्याचं सांगितलं.